जुन्या पिकअपचा रेडिएटर बदलताय? बोरघाट चढण्याआधी एवढं तपासून घ्या

वडगाव मावळ : मावळ तालुक्यात ज्याच्या दारात पिकअप आहे, त्याचं घर बऱ्यापैकी त्या गाडीवर चालतं. इंद्रायणी तांदूळ, भाजीपाला, फुलं, दूध, पेंढा, सिमेंटच्या गोण्या, मंडपाचं सामान, सगळं तिच्याच पाठीवर. यातल्या बऱ्याच गाड्या आता दहा-बारा वर्षांच्या पुढं गेल्यात. बोलेरो पिकअप असो, टाटा २०७ असो की छोटा हत्ती, या वयात एक तक्रार हमखास येते : "सपाटीला गाडी बरोबर चालते, घाटात तापते."

मग गॅरेजवाला म्हणतो, "शेठ, रेडिएटर गेला, नवीन टाकू." दुकानात गेलं की तीन-चार भावाचे तीन-चार रेडिएटर समोर ठेवतात. दिसायला सगळे सारखेच. कुठला घ्यायचा? आणि मुळात बदलायची गरज आहे का? चुकीचा निर्णय झाला तर रेडिएटरचे पैसे जातातच, पण खरा धोका पुढं असतो. एकदा हेड वाकलं की इंजिन खोलावं लागतं, गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहते आणि ऐन हंगामात भाड्याची गाडी शोधत फिरावं लागतं. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतोय.

घाटातच का तापते?

इंजिनात जाळलेल्या डिझेलची ताकद ढोबळमानाने तीन वाटण्यांत जाते. एक वाटा चाकं फिरवतो, एक वाटा धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो आणि एक वाटा इंजिनातल्या पाण्यात उतरतो. हा तिसरा वाटा हवेत सोडायचं काम रेडिएटरचं.

आता आपला घाट बघा. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर आहे, लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरात साडेपाचशे मीटर चढ. माल धरून तीन टनांची गाडी एवढी उंच न्यायची तर नुसत्या चढासाठी जेवढं काम होतं, साधारण तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. तेवढ्या उष्णतेत पन्नास-पंचावन्न लिटर थंड पाणी उकळीला येईल. गाडीत पाणी मात्र दहा लिटरच्या आसपास. म्हणजे तेच पाणी पुन्हापुन्हा थंड होऊन इंजिनात परत गेलं पाहिजे.

त्यात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग वीस-पंचवीसचा. समोरून वारा फारसा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या गर्दीत अडकलात तर तेवढाही वारा नाही. म्हणून निम्मा चोंदलेला रेडिएटर तळेगाव-चाकण रस्त्यावर महिनोन्‌महिने निभावून जातो आणि वाशी मार्केटला भाजी टाकून परत येताना, शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास, काटा लाल पट्ट्यात जातो. शिंग्रोबाला नाणं वाहणाऱ्या ड्रायव्हरांची श्रद्धा आपल्या जागी, पण निघण्याआधी बॉनेट उघडून बघणंही तितकंच महत्त्वाचं.

आधी ठरवा, दोष रेडिएटरचाच आहे का?

गाडी तापण्याची आठ-दहा कारणं असतात, रेडिएटर त्यातलं एक. नवीन रेडिएटर टाकूनही गाडी तापतेच, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, कारण बिघाड दुसरीकडंच असतो. म्हणून स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात करा. इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी सकाळी.

१) पाणी : रेडिएटरमध्ये आणि बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पातळी बघा. रोज कमी होत असेल तर ते कुठंतरी जातंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी डाग कुठं पडलाय ते कळेल.

२) कॅप : झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. ते पाण्यावर दाब धरून ठेवतं. उघड्या भांड्यात लोणावळ्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पण ०.९ चं झाकण नीट बसलेलं असेल तर तेच पाणी ११५ अंशांच्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलेलं किंवा स्प्रिंग ढिली असेल तर हा सगळा फायदा गेला. रेडिएटरपेक्षा कितीतरी स्वस्त वस्तू आहे, आधी ती बदलून बघा. झाकणावर जो आकडा आहे तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुनी टाकी किंवा पाईप फुटू शकतो.

३) होस पाईप : दाबून बघा. फुगलेला, चिरलेला किंवा लिबलिबीत झालेला पाईप बदला. खालचा पाईप मऊ झाला की जास्त रेसला आत चिकटतो आणि पाण्याची वाटच बंद होते. गाडी उभी असताना मात्र तो बरोबर दिसतो.

४) बेल्ट आणि पंखा : बेल्ट ढिला आहे का, चकाकतोय का ते बघा. बेल्टवर चालणारा पंखा असेल तर त्याच्या मधल्या डब्यात बऱ्याच गाड्यांना सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हातानं फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा मोकळा फिरत राहिला, किंवा डब्यावर तेल ओघळलेलं दिसलं, तर क्लच गेलाय. विजेवर चालणारा पंखा असेल तर हात घालू नका, तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. गाडी गरम झाल्यावर तो फिरतो का, एवढंच लांबून बघा.

५) पंख्याभोवतीचं कडं : पंख्याच्या भोवती प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं आवरण असतं. कुठंतरी ठोकर लागली की ते तुटतं, आणि "त्याचं काही काम नाही" म्हणून काढून टाकतात. काम आहे. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूची हवा ओढतो. घाटात फरक जाणवतो.

६) थर्मोस्टॅट वॉल्व्ह : इंजिन गरम झालं, वरचा पाईप चटका देतोय, काटा वर चढतोय, पण खालचा पाईप आणि रेडिएटर थंडच, तर पाणी फिरत नाहीये. वॉल्व्ह उघडत नसेल, वॉटर पंप निकामी असेल किंवा रेडिएटर पुरता चोंदला असेल. वॉल्व्ह काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकला की उघडतो का ते डोळ्यांनी दिसतं.

७) हेड गॅस्केट : हे सगळ्यात महत्त्वाचं. थंड इंजिन, झाकण उघडं, गाडी सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, बाहेर कुठंही गळती नसताना पाणी कमी होत असेल, सुरू केल्या केल्या वरचा पाईप दगडासारखा कडक होत असेल, तर गॅस्केट किंवा हेडचा संशय घ्या. डिपस्टिकवरचं ऑइल चहाच्या रंगाचं, फेसाळ झालं असेल तर गाडी चालवूच नका. मात्र आपल्याकडं पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाच्या आत थोडा पांढरा फेस ओलाव्यामुळंही धरतो, आणि थंड सकाळी थोडा वेळ पांढरा धूर येणंही नेहमीचं आहे. त्यावरून लगेच घाबरू नका, बाकीची लक्षणं बघा.

गॅस्केट गेलेल्या गाडीला नवीन रेडिएटर टाकणं म्हणजे फुटक्या बांधाला वरून नवी माती लावण्यासारखं आहे.

जाळी बाहेरून चोंदलीय की आतून?

वरचं सगळं बरोबर निघालं तर आता रेडिएटरकडं या. चोंदणं दोन प्रकारचं असतं.

बाहेरून : भाताच्या झोडणीच्या दिवसांत पेंढ्याचा भुसा, कोंडा आणि धूळ जाळीत बसते. पावसाळ्यात लाल चिखल उडतो आणि वाळून सिमेंटसारखा होतो. खडीच्या कामावर गाडी असेल तर विचारूच नका. काही गाड्यांना रेडिएटरच्या पुढं इंटरकूलर किंवा एसीची जाळी असते. त्या दोन जाळ्यांच्या मधला कचरा पुढून दिसतच नाही. अशा वेळी रेडिएटर सोडवून पंख्याच्या बाजूनं पुढच्या दिशेनं, साध्या पाईपच्या धारेनं धुवा. सर्व्हिसिंगवाल्याची जोराची धार मारलीत तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद. कित्येक गाड्यांचं तापणं एवढ्या धुण्यानंच थांबतं.

आतून : बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकलं की नळ्यांमध्ये पांढरा क्षार आणि गंज धरतो. गाडी गरम करून बंद करा, पंखा थांबल्यावर जाळीवर वरवर हात फिरवा, चटका बसणार नाही इतकी काळजी घ्या. मधेच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. मेकॅनिककडं लांबून तापमान दाखवणारी बंदूक असेल तर काम आणखी सोपं.

गळती शोधायला मेकॅनिकला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावायला सांगा. झाकणावर जेवढा दाब लिहिलाय तेवढा भरून थोडा वेळ थांबायचं. काटा उतरला तर गळती आहे.

दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा?

हे तुमचा रेडिएटर कशाचा आहे त्यावर ठरतं.

तांबं-पितळेचा : जुन्या गाड्यांमध्ये हा असतो. जड, काळ्या रंगानं रंगवलेला, वरखाली किंवा दोन्ही बाजूंना धातूची टाकी. याची मोठी सोय म्हणजे दुरुस्ती. लहान गळतीला डाक लावता येतो. टाक्या उघडून नळ्यांमधून पट्टी फिरवून क्षार काढता येतो. टाक्या चांगल्या असतील तर मधली जाळी तेवढी नवीन टाकता येते. पण पत्र्या बोटानं चोळल्यावर भुगा होऊन पडत असतील, किंवा एक गळती बंद केली की महिन्यात दुसरी सुरू होत असेल, तर डाक लावत बसू नका.

ॲल्युमिनियमचा : नंतरच्या गाड्यांत हा आला. हलका, चंदेरी जाळी आणि बाजूला काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या. जाळीला भोक पडलं तर साधा डाक चालत नाही, आर्गन वेल्डिंगवाला लागतो. प्लॅस्टिकची टाकी तडकली तर एम-सीलसारख्या लेपानं घरी पोहोचता येतं, पण तो कायमचा इलाज नाही. गरम-थंड होऊन आणि दाबानं तो लेप सुटतो. जाळी आणि टाकीच्या सांध्यातलं रबर गेलं असेल तर काही ठिकाणी ते बदलून देतात.

रेडिएटरमध्ये हळद, अंडं किंवा बाजारातली गळती बंद करायची पावडर टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. अडचणीत घर गाठायला एक वेळ ठीक, पण ती वस्तू गळती तेवढीच बंद करत नाही, बारीक नळ्याही बंद करते.

तांबं चांगलं की ॲल्युमिनियम?

गावात याच्यावर पैजा लागतात. खरं बघायचं तर तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, ॲल्युमिनियमच्या जवळपास पावणेदोन पट. पण रेडिएटर नुसत्या धातूवर चालत नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद आणि चपट्या करता येतात, त्या पत्र्यांना एकजीव जोडलेल्या असतात आणि वजन कमी. त्यामुळं चांगला बनवलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या बरोबरीनं काम करतो.

फरक वापरात पडतो. ॲल्युमिनियमला खराब पाणी सोसत नाही. कूलंट न टाकता बोअरचं पाणी भरत राहिलात तर तो आतून खाल्ला जातो. तांब्याचा थोडा जास्त सोसतो आणि गावात दुरुस्त होतो, पण जड असल्यामुळं खड्ड्यांच्या रस्त्यावर पट्ट्या आणि सांधे तुटतात.

सोपा नियम : कंपनीनं जो दिला होता तोच प्रकार घ्या. त्याच्या पट्ट्या, पंख्याचं कडं, पाईप सगळं त्याच्यासाठी बनलेलं असतं.

दुकानात जाण्याआधी हे लिहून न्या

"दादा, बोलेरो पिकअपचा रेडिएटर द्या," एवढं सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळं इंजिन आलंय. साध्या पंपाचं वेगळं, सीआरडीई वेगळं. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, अशा प्रत्येक बदलात इंजिनाभोवतीचं सामान बदलतं. म्हणून :

- चॅसी नंबर : आरसीवर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. मोबाईलवर एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्येही आरसी मिळते. कंपनीच्या पार्ट काउंटरवर या नंबरावरून नेमका पार्ट नंबर काढून देतात.
- जुन्या रेडिएटरवरचा स्टिकर किंवा टाकीवर उठावात छापलेला नंबर. पुसून फोटो काढा.
- जाळीचं माप : रुंदी, उंची आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. टाक्या सोडून फक्त जाळीचं.
- वरच्या आणि खालच्या नळीचा बाहेरचा व्यास, आणि नळी डावीकडं की उजवीकडं.
- पट्ट्या आणि रबर बुशांच्या जागा, पंख्याच्या कड्याची भोकं.
- झाकण रेडिएटरवर आहे की वेगळ्या बाटलीवर.
- सेन्सर किंवा पाणी सोडायची चावी कुठं आहे.

शक्य असेल तर जुना रेडिएटर सोडवून सोबतच न्या. दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवून बघितले की निम्मे घोटाळे दुकानातच मिटतात. जाडीकडं खास लक्ष द्या. बाहेरून तेवढाच दिसणारा, पण पातळ जाळीचा माल स्वस्तात मिळतो. सपाटीला तो चालेल, आपल्या घाटात नाही.

चार पर्याय, चार हिशेब

गाडी कंपनीचा अस्सल : महाग, पण बसतो बरोबर. पाकिटावर होलोग्राम किंवा स्कॅन करायचा कोड असतो, तो तपासा. नुसता कंपनीचा खोका म्हणजे अस्सल माल असं नाही.

नावाजलेल्या पार्ट कंपनीचा : रेडिएटर बनवणाऱ्या स्वतंत्र कंपन्या देशात आहेत, त्यातल्या काही गाडी कंपन्यांनाही माल पुरवतात. दहा-बारा वर्षांच्या गाडीला बहुतेक वेळा हा पर्याय पैशाला पुरतो. मात्र पार्ट नंबर आणि जाडी जुळलीच पाहिजे.

नाव नसलेला लोकल : भाव बघून मोह होतो. घेण्याआधी पत्र्या हातानं बघा. विरळ आहेत का, नळ्यांना नीट चिकटल्यात का, टाकीची घडी सगळीकडं सारखी दाबलीय का. हमी तोंडी असेल तर ती हमी नव्हे.

भंगारातला जुना : बाहेरून चांगला दिसतो, आतून किती चोंदलाय ते दिसत नाही. अगदीच नड असेल तर दाबाची चाचणी करून, पाणी ओतून दुसऱ्या बाजूनं धो धो येतं का ते बघून, तात्पुरता घ्या.

बिल घ्यायला विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. कुणी जुना दर लावत असेल तर विचारा. "बिल नको, कमी करतो," असं म्हणणाऱ्याकडं नंतर माल परत करायला तुमच्या हातात काहीच राहत नाही. बिल असूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

"मोठा टाका" आणि "वॉल्व्ह काढून टाका"

हे दोन सल्ले सगळीकडं मिळतात. मोठ्या गाडीचा जाड रेडिएटर बसवला की गाडी तापणारच नाही, असं वाटतं. पण जाळी जाड झाली की तिच्यातून हवा ओढायला पंखाही तेवढा ताकदीचा लागतो. पंखा तोच, कडं बसत नाही, पाईप वाकडे होतात, पट्ट्या वेल्डिंग करून जोडलेल्या. वर्षभरात कुठंतरी तुटतंच. गाडी नवी असताना तोच रेडिएटर तोच घाट चढत होता ना? मग तेवढाच पुरतो, फक्त बाकीचं सामान नीट हवं आणि माल पासिंगएवढाच हवा.

थर्मोस्टॅट काढून टाकला तर सपाटीला इंजिन नीट गरमच होत नाही. डिझेल जास्त जातं, इंजिन लवकर झिजतं. आणि बऱ्याच इंजिनांत तोच वॉल्व्ह गरम झाल्यावर आतली आडवाट बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथंच फिरतं. म्हणजे घाटात उलट जास्त तापते. खराब असेल तर नवीन टाका, काढून फेकू नका.

बसवताना काय बघायचं?

नवीन रेडिएटर लावण्याआधी इंजिनातलं जुनं पाणी सोडून आतला गंज स्वच्छ पाण्यानं वाहून जाऊ द्या. नाही तर तीच घाण नव्या नळ्यांत जाऊन बसते. दोन्ही होस, क्लिपा, झाकण आणि खालचे रबर बुश शक्यतो एकदमच नवीन घ्या. प्लॅस्टिकच्या नळीवर क्लिप पान्यानं आवळताना जोर करू नका, तडा तिथूनच सुरू होतो.

पाणी हळूहळू भरा. हीटर असेल तर तो गरम बाजूला ठेवा. गाडी सुरू करून वॉल्व्ह उघडेपर्यंत थांबा, हवा निघून जाऊन पातळी खाली जाईल, परत भरा. हवा आत राहिली तर नवा रेडिएटर असूनही काटा वर जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी परत बघा.

आणि पहिल्याच फेरीला पूर्ण माल भरून वाशी गाठू नका. आधी अर्ध्या मालावर जवळचा चढ चढून बघा. पवन मावळातल्यांना दुधिवरे खिंड आहेच. काटा जागेवर राहिला, खाली थेंब नाही, मग बोरघाट.

पाणी की कूलंट?

कूलंट थंडीतल्या देशांसाठी असतं, आपल्याला काय करायचंय, असं पुष्कळ जण म्हणतात. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडं नाही हे खरं, पण कूलंट गंज आणि क्षार थांबवतं आणि उकळायचा बिंदू वर नेतं. आपल्याला तेच हवंय. बाटलीवर "तयार" लिहिलं असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही. घट्ट असेल तर बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात, तेही डिस्टिल्ड पाण्यात. बॅटरीच्या दुकानात ते मिळतं. दोन प्रकारचं कूलंट एकत्र करू नका. हिरवं-लाल या रंगावर जाऊ नका, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनानं टाकते. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघा.

एक धोका सांगायलाच हवा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. गोठ्याजवळ किंवा अंगणात जुनं कूलंट ओतलं आणि कुत्र्यानं, वासरानं चाटलं तर जीव जाऊ शकतो. लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नका. काढलेलं कूलंट ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

घाटात काटा वर गेलाच तर

एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू. गिअर खाली घ्या, रेस कमी. वळणावर न थांबता रुंद जागा बघून बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, चाकामागं दगड लावा आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचला. वाफ येत नसेल तर इंजिन एक-दोन मिनिटं आयडलला चालू द्या, पंखा पाणी थंड करेल. वाफ येत असेल किंवा पाणी ओघळत असेल तर लगेच बंद करा.

गरम गाडीचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळतं पाणी तोंडावर उडतं. तोंड, छाती, हात भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरचा पाईप हाताला सोसेल इतका थंड झाला की जाड फडकं धरून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, हवा जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. थंड होऊ द्या, मग गाडी चालू ठेवून थोडं थोडं भरा.

शेवटचा हिशेब

किती खर्च करायचा हे गाडी अजून किती वर्षं ठेवणार यावर ठरवा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस करावं लागतं. पुढचं पासिंग करून चार-पाच वर्षं चालवायचा विचार असेल तर चांगल्या कंपनीचा, योग्य जाडीचा रेडिएटर, सोबत नवे पाईप, झाकण आणि कूलंट, असं एकदाच काम करा. वर्षभरात विकायचीच असेल आणि तांब्याचा रेडिएटर असेल, तर नीट साफ करून डाक लावून घेणं पुरतं. पण दोन्ही बाबतीत आधी गॅस्केट, पंखा, वॉल्व्ह आणि झाकण तपासा.

काम संपलं की जुना रेडिएटर गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. तांबं-पितळेला भंगारात चांगला भाव असतो. वजन करून घ्या, तेवढेच कूलंटचे पैसे सुटतील.